खोट्या पसाऱ्याला झाडू मिळत नाही

काल सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी इस्त्रीमामा चार नंबरच्या तंबूत पालथे पडून एका पलंगाखाली बघत होते. त्यांच्या मागे चार मुलगे रांगेत उभे होते. हात पाठीमागे, चेहरे गंभीर. त्यातला एक हसू येऊ नये म्हणून स्वतःचा ओठ चावत होता.

"हे काय आहे?" पलंगाखालून आवाज आला.

"मोजा आहे, मामा."

"कोणाचा?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोणाचाच नाही? म्हणजे इथे उगवला?"

"जमीन ओलसर आहे ना मामा," ओठ चावणारा म्हणाला.

मामा सरपटत बाहेर आले. त्यांनी आधी गुडघे झटकले, मग कोपर, मग मोजा दोन बोटांत धरून उजेडात नीट पाहिला. "अजून थोडे दिवस राहिला असता तर पालवी फुटली असती," असं म्हणून त्यांनी तो मालकाच्या अंदाजाने एका उशीवर ठेवला आणि पुढच्या तंबूकडे निघाले. मागे चारही मुलांची तोंडं पडली. मामांना वाटलं, आपलं बोलणं लागलं. पोरांना वाईट वाटलं हे खरं, पण ते एकच मोजा सापडला याचं होतं. हा फरक मामांच्या लक्षात गेल्या अनेक उन्हाळ्यांत आला नव्हता. तो काल दुपारच्या जेवणाच्या आधी आला.

मुलांचं हे उन्हाळी शिबिर एका तळ्याकाठी भरतं. उंच झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत लाकडी फळ्यांचे ओटे आहेत आणि त्यांवर दहा तंबू. एका बाजूला जेवणाचं लांब छप्पर, दुसऱ्या बाजूला होड्या उपड्या घालून ठेवलेल्या. मुलं इथे पोहायला शिकतात, वल्ही मारायला शिकतात, दोराच्या गाठी शिकतात आणि विसरतात, आणि घरी न खाल्लेल्या भाज्या निमूट खातात. मामा भांडारप्रमुख आहेत. चादरी, ब्लँकेटं, उशांच्या खोळी, टॉवेल, तंबूंचे दोर हे सगळं त्यांच्या ताब्यात. शिवाय रोज सकाळी तंबूंची तपासणी. ती त्यांना कोणी सोपवलेली नाही. त्यांनी एकदा केली आणि मग ती त्यांचीच झाली.

उरलेलं वर्ष ते एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात असतात. वरच्या मजल्यांवर काय चालतं याच्याशी त्यांचा संबंध चादरींपुरता. धुऊन आलेली चादर हातात घेतली की डाग राहिलाय का, किनार उसवली आहे का, हे त्यांना न उलगडता कळतं असं त्यांचे सहकारी सांगतात. उलगडून खात्री करायची कोणाची हिंमत झालेली नाही, कारण मग ती परत मामांच्या घडीत घालावी लागते आणि ते कोणालाच जमत नाही. वार्षिक रजा ते शिबिरासाठी राखून ठेवतात. समुद्रकिनारी जाऊन यावं, असं एका वरिष्ठांनी सुचवलं होतं. "तिथे वाळू असते," मामा म्हणाले, आणि विषय संपला.

लग्न केलेलं नाही. एका जुन्या तीन मजली इमारतीत वरच्या खोलीत ते राहतात आणि खालच्या दोन खोल्यांत त्यांची धाकटी बहीण, मेहुणे आणि भाची. बहीण जिभेने तिखट आहे. "दादाकडे पाहुणे येतात आणि उठताना सोफ्याची माफी मागून उठतात," असं ती शेजाऱ्यांना सांगते. भाचीवर तिचा वेगळाच राग आहे. "बाकीच्या मुलींना त्यांचे मामा गोष्टी सांगतात. हिला चौथ्या वर्षी उशीची खोळ उलटी करून कशी चढवायची ते शिकवलं. आता पोरगी माझ्या मागे फिरते आणि मी टाकलेला टॉवेल उचलते. माझ्याच घरात मला सासू आली आहे."

भाची आता दहा वर्षांची आहे. शिबिराला येण्यासाठी ती दोन उन्हाळे मागे लागली होती. यंदा आईने होकार दिला तेव्हा अट मामांनी घातली, तीही बस सुटायच्या जागी, बॅग वर चढवताना.

"शिबिरात मी तुझा मामा नाही."

"मग कोण?"

"सर म्हणायचं."

"पण तिथे सगळे तुला मामाच म्हणतात!"

"सगळ्यांचा मी मामा. तुझा सर."

"म्हणजे चाळीस मुलांचा तू मामा आणि मी सख्खी भाची असून—"

"आणि 'तू' नाही. 'तुम्ही'."

बहीण बाजूला उभी होती. "दादा," ती म्हणाली, "हिला ओळख तरी दाखवशील ना, की तेही नियमात बसत नाही?"

पक्षपाताचा आरोप नको, एवढंच मामांच्या मनात होतं. त्यामागे झाडू होता.

झाडू ही या शिबिराची जुनी प्रथा, आणि ती मामांनी सुरू केली. लांब लाकडी दांड्याचा, पालापाचोळा झाडायचा साधा झाडू. रोज तपासणीत जो तंबू सगळ्यात अस्वच्छ निघेल त्याच्या पुढच्या दोरावर मामा स्वतः तो टांगतात. तो दिवसभर त्या तंबूने बरोबर न्यायचा. जेवायला न्यायचा, तळ्यावर न्यायचा, गाठी शिकायला बसताना शेजारी ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली की झाडू पुढच्या मानकऱ्याकडे. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी झाडूची मिरवणूक निघते. ज्या ज्या तंबूंना तो मिळाला ते दांड्याला आपापली कापडाची पट्टी बांधतात, रांगेने मैदानाला फेरी मारतात आणि मग सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या सगळ्यात वाईट पसाऱ्याची हकीकत सांगतात. मिरवणुकीची कल्पना मुलांची. मामा तिला पश्चात्तापाची मिरवणूक समजत. मुलं माना खाली घालून चालतात आणि त्यांचे खांदे हलतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटे, हुंदके.

तर काल. चार नंबरमधून मामा पाच नंबरमध्ये गेले. पाच नंबर मुलींचा तंबू, आणि त्यात भाची. सबंध शिबिरात झाडू एकदाही न मिळालेला हा एकच तंबू होता. मामा रोज तिथे जरा जास्तच कडक नजरेने बघायचे आणि रोज रिकाम्या हाताने बाहेर यायचे. चार पलंग, चादरींचे कोपरे पायथ्याशी पाकिटासारखे दुमडलेले, टॉवेल दोरीवर एका रेषेत. त्यांना मनातून अभिमान वाटायचा आणि चेहऱ्यावर ते काही दाखवत नसत.

काल मात्र आत पाऊल टाकलं आणि ते थबकले. उशा जमिनीवर होत्या. ब्लँकेटं जमिनीवर होती. बूट तंबूच्या मधोमध होते. टूथपेस्ट पलंगाखाली होती. चौघी मुली ओळीत उभ्या होत्या. त्यातली चष्मेवाली, जी या तंबूची पुढारी, आशेने मामांच्या तोंडाकडे बघत होती. भाची स्वतःच्या पायांकडे.

मामांनी हात पाठीमागे बांधून एक फेरी मारली. मग वाकून टूथपेस्ट उचलली.

"हे कोणी मांडलं?"

"मांडलं नाही मामा, पडलं," चष्मेवाली म्हणाली.

"असं? आणि पडल्यावर टोपण लावायला कोण आलं होतं?"

चष्मेवालीने हळूच भाचीकडे पाहिलं.

"बूट पडलेत, पण जोडीने पडलेत. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. उशा पडल्यात, पण चारी उशांच्या खोळींची तोंडं एकाच बाजूला. ब्लँकेट पडलंय, घडीसकट." मामांनी टूथपेस्ट जागेवर ठेवली. "मुलींनो, माझं अर्धं आयुष्य लोकांनी टाकलेल्या कपड्यांत गेलं आहे. हा पसारा नाही, हे पसाऱ्याचं प्रदर्शन आहे. खोट्या पसाऱ्याला झाडू मिळत नाही."

झाडू दोन नंबरला गेला. तिथे एका मुलाने ओला पोहण्याचा पोशाख उशीच्या खोळीत कोंबला होता आणि दुसऱ्याच्या बुटात अर्धं सफरचंद निघालं, मुंग्यांसह. मामांनी तो दोरावर टांगला, मुलांना एक करडी नजर दिली आणि पाठ फिरवली. पाठ फिरवल्यावर मागे वळून बघायचं नाही, हा त्यांचा नियम. शिक्षा झालेल्या माणसाला एकटं सोडावं.

नंतर ते धुतलेली फडकी घेऊन स्वयंपाकघरात गेले. स्वयंपाकाच्या बाई मोठ्या पातेल्यासमोर बसून बटाटे सोलत होत्या. त्या मामांहून जुन्या. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून.

"यंदा पोरं सुधारली बाई," मामा फडकी फळीवर रचत म्हणाले. "पाच नंबरने तर कमाल केली. आज मुद्दाम अस्वच्छ व्हायला गेल्या, तरी जमेना."

"जमेना म्हणून तर जेवण जात नाही त्यांना."

"का?"

"तुमच्यामुळे."

"मी काय केलं?"

"काही केलं नाहीत, तेच तर." बाईंनी सुरी खाली ठेवली. "मामा, एक विचारू? तो झाडू पोरांना शिक्षा वाटते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तोंडं बघा ना त्यांची."

"मी बघते की. तुम्ही पाठ फिरवली की माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. नाचतात हो!"

"कोण नाचतं?"

"ज्यांना मिळतो ते! झाडू खांद्यावर घेऊन नाचतात. जेवायला आले की त्याला खुर्ची देतात. परवा माझ्याकडे त्याच्यासाठी वेगळी बशी मागितली."

"आणि तुम्ही दिली?"

"दिली. झाडूला भूक फार लागली होती म्हणाले. दोनदा बटाटे वाढून नेले त्याच्या नावावर."

मामांच्या हातातलं फडकं फळीवर गेलं, पण घडी जरा तिरकी बसली. ती त्यांनी तशीच राहू दिली. हे बाईंनी नंतर ज्याला त्याला सांगितलं.

"हे कधीपासून चालू आहे?"

"तुमच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून असेल."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"तुम्ही इतके खुशीत असायचात! म्हटलं, कशाला मोडता घाला. पोरं खूश, मामा खूश, माझं काय जातं?"

"मग आज कशाला सांगितलंत?"

"कारण आता एक पोर खूश नाही."

मग बाईंनी सगळं सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी नऊ तंबू मिरवणुकीत चालणार आणि पाच नंबर बाकावर बसून टाळ्या वाजवणार. मुलींच्या मते याला कारण एकच, ती मामाची लाडकी. मामा भाचीला सांभाळून घेतात म्हणून बाकीच्या तिघींचं नुकसान. शिवाय आज पहाटे तिघींनी मेहनतीने केलेला पसारा हिने मागून जाऊन 'जरा नीट' केला, आणि सगळं मुसळ केरात गेलं. आता तिच्याशी कामापुरतं बोलतात. ती जेवताना बाकाच्या टोकाला बसते.

"मघाशी माझ्याकडे येऊन बसली, बटाटे सोलायला," बाई म्हणाल्या. "म्हणाली, मावशी, पुढच्या वर्षी मी नाही येणार. डोळ्यांतून पाणी नाही, काही नाही. सालींची मात्र चळत लावत होती. मी म्हटलं, अगं टाक त्या. तर म्हणाली, टाकतेच आहे, पण नीट."

मामांनी उरलेली फडकी फळीवर रचली.

"उद्या शेवटची तपासणी," बाई म्हणाल्या. "द्या टाकून पाच नंबरला."

"अस्वच्छ नसताना?"

"अहो, एक दिवस!"

"बाई, उद्या तुम्हाला कोणी म्हणालं, बटाटे कच्चे वाढा, एकच दिवस, पोरं खूश होतील. वाढाल?"

"पोरं खूश होणार असतील तर वाढीन."

"मी नाही वाढणार," मामा म्हणाले आणि बाहेर पडले. दाराशी थांबून एवढंच विचारलं, "बशीतले बटाटे कोण खायचं?"

भांडाराच्या मागे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत. दुपारी मामा तिथे चादरी उतरवत होते तेव्हा भाची टॉवेल न्यायला आली. न सांगता तिने चादरीची दोन टोकं धरली, मामांनी दोन धरली, आणि दोघांनी ती ताणून, जवळ येऊन, घडी घातली. हे ती दोघं घरी रोज करतात. त्यात बोलायला लागत नाही.

"तुमचं काय चाललंय तंबूत?" दुसरी चादर धरताना मामांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"आत्ता कोणी नाहीये इथे."

"मग मामा, ऐक. त्यांनी पसारा बरोबर केला होता. एकदम मस्त. मी फक्त नंतर थोडंसं..."

"टोपण?"

"टोपण मी लावलं. पेस्ट सुकते ना."

"सुकते," मामांना कबूल करावं लागलं. "आणि बूट?"

"एक इकडे, एक तिकडे. मला बघवेना. परत झोपच येईना मला."

मामांनी मान हलवली. त्यांनाही आली नसती.

"तू उद्या आम्हाला झाडू देशील?" तिने सरळ विचारलं.

"अस्वच्छ असेल तर देईन."

"आणि नसेल तर?"

"तर नाही."

"मी तुझी भाची असून?"

"म्हणूनच नाही."

तिने चादरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "त्या म्हणतात, तू माझे लाड करतोस. एकदा येऊन बघा म्हणावं," ती म्हणाली. टॉवेल उचलले आणि निघाली. चालता चालता तिने त्यांच्या कडा जुळवल्या.

मामांनी काल संध्याकाळी शिबिरप्रमुखांना सांगितलं की उद्याची तपासणी रद्द करावी असा विचार आहे. शिबिरप्रमुख आयुष्यभर कवायत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "तपासणी नाही म्हणून सांगितलंत तर पोरं दंगा करतील हो." मामांच्या मनात हे वाक्य नीट बसायला वेळ लागला. पण तपासणी रद्द झाली नाही.

तिकडे पाच नंबरमध्ये भाचीने तिघींना स्पष्टच सांगून टाकलं होतं. "मिळणार नाही. मी विचारलं."

"विचारलंस? तोंडावर?" चष्मेवालीला हे अनपेक्षित होतं.

"हो. नाही म्हणाला."

"तुला? नाही?"

"मलाच नाही म्हणाला."

लाडकीपणाचा आरोप तिथेच ढिला पडला. पण मिरवणुकीचा प्रश्न तसाच होता. बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या तर हात कशाला दुखवायचे, असं एकीचं म्हणणं. मग भाचीने सुचवलं की मिरवणूक संपली की आपण आपला बाहुल्यांचा खेळ करू. मोज्यांच्या बाहुल्या. आणि एका मोज्याला मिशी लावून तिने तो हातावर चढवला, पलंगाच्या कडेवरून खाली वाकवला आणि सकाळी शेजारच्या तंबूतून ऐकलेलं म्हणाली, "हे काय आहे? कोणाचाच नाही? म्हणजे इथे उगवला?"

आवाज हुबेहूब होता. दहा वर्षं तो वरच्या मजल्यावरून ऐकलेला. तिघी पोट धरून हसल्या. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "अजून काय काय म्हणतात ते?"

त्यानंतर पाच नंबरमध्ये झाडूचं नावही कोणी काढलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

आज सकाळी मामा पाच नंबरच्या दाराशी आले तेव्हा आतून कोणी सावधान झालं नाही. त्यांनी कनात बाजूला केली. पलंग आवरलेले नव्हते. चारीही. ब्लँकेटावर डिंक सांडला होता आणि डिंकावर पेंढा चिकटला होता. बटणं, दोरे, कापडाचे तुकडे फळ्यांवर पसरलेले. एक बूट दारात, दुसरा उशीवर. दुधाचा पेला कलंडून त्याचा ओघळ पलंगाखाली गेला होता आणि त्यात कोणाचा तरी कंगवा होता. मधोमध भाची मांडी घालून बसली होती. केसांत पेंढा, तोंडात सुई, आणि हातावरचा मिशीवाला मोजा सांगत होता, "मुलींनो, माझं अर्धं आयुष्य लोकांनी टाकलेल्या कपड्यांत गेलं आहे!"

तिघींचं हसणं एकाएकी थांबलं. मोजा वळला आणि मामांना सामोरा झाला.

मामांना राग आला नाही. निदान मोज्याचा तरी नाही. पण मग त्यांची नजर मागच्या दोरीवर गेली. तिथे पडदा म्हणून एक चादर टांगली होती. अर्धी. दुसरा अर्धा भाग खाली होता.

"ही चादर," मामा म्हणाले.

मोजा हळूच मांडीवर उतरला.

"भांडाराची चादर. कोणी कापली?"

"मी," भाचीने तोंडातली सुई काढली.

"तू?"

"मधोमध कापली मामा. आधी घडी घालून खूण केली होती. बघ ना, एक सूतही तिरकी नाही."

मामांनी कड हातात घेतली. ती खरंच सरळ होती, आणि त्याने त्यांचं दुःख वाढलंच. ते तडक बाहेर गेले, दोन नंबरच्या दोरावरून झाडू काढला, मैदान ओलांडून परत आले आणि पाच नंबरच्या दोरावर तो अशा गाठीने बांधला की ती सोडवायला स्वयंपाकघरातून सुरी आणावी लागली. देताना त्यांच्या मनात ना भाची होती ना बाईंचं बोलणं. त्यांना फक्त ती चादर दिसत होती. या शिबिरात इतक्या मनापासून रागावून झाडू कोणालाच मिळालेला नाही.

ते पाठ फिरवून चालू लागले. मागून किंकाळ्या ऐकू आल्या. दहा पावलांवर मामा थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा वळून बघितलं.

चौघी ओळीत उभ्या होत्या. माना खाली, तोंडं पडलेली. झाडू अजून हलत होता.

"हं," मामा म्हणाले. "असंच."

न्याहारी संपायच्या आत बोभाटा झाला. दोन नंबरचे मुलगे थेट भांडाराच्या दारात.

"मामा, हे बरोबर नाही. भाची म्हणून झाडू दिलात!"

"वशिला आहे हा!"

"आमच्या बुटात सफरचंद होतं मामा. मुंग्या होत्या. आणि यांना नुसता असाच?"

ज्या आरोपाला मामा सबंध शिबिरभर टाळत होते तो असा, झाडू दिल्यावर आला. त्यांनी एक शब्द न बोलता मुलांना पाच नंबरमध्ये नेलं आणि कनात वर धरली. मुलं आत गेली. जाणकारांनी बघावं तसं त्यांनी बघितलं. एकाने डिंकात बोट घालून पाहिलं. दुसऱ्याने दुधातला कंगवा बघून हळूच शीळ घातली.

"चादर कापली? खरी?"

"भांडाराची?"

"हो," भाची म्हणाली.

दोन नंबरवाले एकमेकांकडे बघू लागले. मग त्यांच्या म्होरक्याने मामांकडे वळून मान हलवली. "मान्य," तो म्हणाला.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. दहाही तंबूंची. पाच नंबरची पट्टी चादरीची होती, दुसरी कुठून आणणार? मुलं माना खाली घालून चालली आणि त्यांचे खांदे हलले. या वेळी मामांना ते काय आहे हे माहीत होतं. सहा नंबरने तंबूत पाळलेल्या बेडकाची हकीकत सांगितली, जो मामांच्या हातावरून उडी मारून गेला होता आणि मामांनी ज्याला ओला साबण समजून कोणाचा म्हणून विचारलं होतं. पाच नंबरने चादरीची सांगितली. मग बाहुल्यांचा खेळ झाला. मिशीवाला मोजा पडद्याच्या कडेवरून वाकला आणि तळ्याला विचारू लागला की हे सगळं पाणी इथे कोणी सांडलं, आणि अजून पुसलं का नाही. शिबिरप्रमुख इतके हसले की त्यांची शिट्टी आपोआप वाजली.

मामा सगळ्यांच्या मागे उभे होते, हात पाठीमागे. शेजारी बाई.

"हसा की जरा," बाई म्हणाल्या.

"हसतोय."

"दिसत नाही."

"मी असाच हसतो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पडद्याची किनार मुडपायला हवी होती. सुतं निघताहेत."

खेळ संपल्यावर तिघी भाचीला ओढतच घेऊन चालल्या होत्या. ती हात सोडवून मागे आली. तिच्याकडे पडदा होता, आठ पदरी घडी घातलेला. मोजे वर.

"मामा, हे भांडारात ठेव. पुढच्या वर्षी लागेल. चष्मेवाली म्हणते, पुढच्या वेळी बाईंचीही बाहुली करायची."

"सर," मामा म्हणाले.

"शिबिर संपलं ना आता?"

"बस सुटल्यावर संपतं."

"बरं, सर," ती म्हणाली आणि पळाली. मामांनी घडी उलटसुलट करून बघितली. त्यात काही सुधारण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या तपासणीत झाडू ज्यांच्याकडे जातो त्यांनी घरी जायच्या दिवशी सगळं मैदान झाडायचं असतं. उद्या सकाळी साडेसहा वाजता पाच नंबरच्या चार मुली ते झाडायला घेतील. बस नऊला आहे.